टेबलावरची बेटे : एन्झो मारी

एन्झो मारी (१९३२–२०२०) हे इटलीतील मिलान शहराचे डिझायनर. साठ वर्षांच्या कामात त्यांच्या नावावर दीड हजारांहून अधिक रचना जमा झाल्या. त्यांत खुर्च्या आहेत, सोफे आहेत, चिनी मातीची भांडी आणि मुलांची चित्रपुस्तकेही आहेत. सर्वसाधारण माणसाची त्यांच्याशी गाठ पडते ती मात्र बहुधा लिहिण्याच्या टेबलावर : तारखेचे कॅलेंडर, पाकीट फोडायची सुरी, कागदांचा ट्रे, टेबलाशेजारची केराची टोपली. एका हाताने उचलता येतील अशा ह्या वस्तू. मारी त्यांना किरकोळ काम मानत नसत. वस्तू बनवणाऱ्याच्या हाताला आणि डोक्याला त्यातून काय काम मिळते आणि वापरणाऱ्याला ती बघून काही कळते का, हे दोन प्रश्न ते खुर्चीला विचारत तसेच केराच्या टोपलीलाही विचारत. ह्या प्रश्नांतून उत्तम वस्तू निघाल्या आणि आयुष्यभर पुरतील एवढी भांडणेही.

मारी यांचा जन्म २७ एप्रिल १९३२ रोजी पिडमाँट प्रांतातील नोव्हारा भागात झाला आणि ते वाढले मिलानमध्ये. घरची परिस्थिती बेताची होती. शाळा अर्धवट सोडून मिळेल ते काम करावे लागले. पुढे शिकायचे ठरवले तेव्हा मिलानची ब्रेरा कला अकादमी हाच मार्ग मोकळा होता, कारण तिथे शाळेचा दाखला आड येत नव्हता. १९५२ ते १९५६ ह्या काळात त्यांनी तिथे चित्र, शिल्प आणि रंगभूमीचे नेपथ्य ह्यांचा अभ्यास केला. ओढ मात्र निराळ्याच विषयाची होती : डोळा आकार कसा वाचतो, खोली आणि रंग कसे जोखतो. त्या वेळच्या त्यांच्या कलाकृती म्हणजे ठोकळ्यांच्या आणि पोकळ्यांच्या मांडण्या, जणू दृष्टीवर केलेले प्रयोग. डिझाइनची पदवी त्यांच्याकडे नव्हती. मिलानच्याच पॉलिटेक्निकने पुढे त्यांना मानद पदवी दिली, तोवर तिथल्या विद्यार्थ्यांना ते स्वतः शिकवून मोकळे झाले होते.

१९५७ हे वर्ष निर्णायक ठरले. ब्रुनो दानेसे आणि त्यांची पत्नी, छायाचित्रकार जॅकलीन वोदोझ, यांनी मिलानमध्ये ‘दानेसे’ नावाची कंपनी काढली. तिचा स्वतःचा कारखाना नव्हता. पुस्तकाचा प्रकाशक लेखकाकडून हस्तलिखित घेतो आणि छापखान्याकडून छापून घेतो, तशी ही वस्तूंची प्रकाशनसंस्था होती. डिझायनर कल्पना घेऊन येई आणि दानेसे ती मिलानच्या आसपासच्या लहानमोठ्या कारागिरांकडून बनवून घेत. ब्रुनो मुनारी हे मारींपेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे, आधीच नावाजलेले कलावंत. त्यांच्याबरोबर पंचविशीतले मारीही ह्या संस्थेचे पहिले ‘लेखक’ झाले. मालकांनी घाई केली नाही आणि बाजाराचा हिशेब पुढे केला नाही, म्हणून मारींचा हा संबंध दशकानुदशके टिकला. इतर कारखानदारांशी त्यांचे इतके दीर्घकाळ पटल्याची उदाहरणे थोडी.

दानेसेसाठी केलेले पहिले महत्त्वाचे काम टेबलावरचे नव्हते, मुलांच्या जमिनीवरचे होते. ‘सोळा प्राणी’ हे १९५७ सालचे खेळणे म्हणजे लाकडाच्या एका जाड आयताकृती फळीतून कापून काढलेले सोळा प्राणी. हत्ती, पाणघोडा, जिराफ, उंट, साप. कापणी अशी की एका प्राण्याची पाठ तीच दुसऱ्याचे पोट, त्यामुळे लाकूड जवळजवळ वाया जात नाही आणि सगळे प्राणी परत फळीत बसवले की कोडे पुरे होते. प्राण्यांना डोळे नाहीत, रंग नाही, फक्त बाह्यरेषा. फळी जाड असल्यामुळे ते उभे राहतात आणि एकमेकांच्या पाठीवर चढतात. खेळणे मुलांच्या खिशासाठी होते, पण करवतीने हाताने कापायचे म्हटल्यावर किंमत वाढली आणि ते संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसले. मारींच्या कारकिर्दीत हा प्रकार पुन्हा पुन्हा घडला : वस्तू साध्या माणसासाठी आखायची आणि ती श्रीमंताने न्यायची. त्याचा त्यांना मनापासून राग होता, आणि तो ते लपवत नसत.

१९५८ ची ‘पुत्रेल्ला’ ह्याच काळातली. पुत्रेल्ला म्हणजे बांधकामातला लोखंडी गर्डर, इंग्रजी आय अक्षरासारख्या काटछेदाचा. मारींनी त्याचा हातभर तुकडा घेतला आणि त्याची दोन्ही टोके किंचित वर वाकवली. बस्स, टेबलाच्या मधोमध ठेवायचे तबक तयार. फळे ठेवा, कागद ठेवा, काहीच ठेवू नका. छताचा भार वाहणाऱ्या लोखंडाला एवढ्याशा बाकाने नावेचा डौल येतो हे पाहून चकित व्हायला होते. कारखान्यात रोज मैलोगणती तयार होणाऱ्या ह्या मालाकडे कुणी वळूनही बघत नाही; मारींनी तो दृष्टीसमोर आणून ठेवला. पेन ठेवायला मात्र ही वस्तू फारशी उपयोगाची नाही, हेही सांगायला हवे.

पत्र्याच्या आणि पट्ट्यांच्या वस्तूंत हीच काटकसर दिसते. १९६१ चा ‘आरान’ ट्रे धातूच्या पत्र्याचा. १९६२ ची ‘अमेलांद’ ही पाकीट फोडायची सुरी तर स्टेनलेस स्टीलच्या एका अरुंद पट्टीपलीकडे काही नाही. पट्टीला मध्ये एक पीळ दिला आहे. पिळाच्या एका बाजूला पाते, दुसऱ्या बाजूला मूठ. वेगळी मूठ जोडायला नको, रिबीट नको, लाकूड नको. सपाट पट्टी टेबलावर पडली की काचेला चिकटल्यासारखी बसते आणि नखाने उकरून उचलावी लागते. पीळ दिलेली पट्टी सगळीच्या सगळी सपाट बसू शकत नाही, म्हणून बोट सहज खाली शिरते. एका क्रियेतून पाते, मूठ आणि उचलायची सोय अशी तिन्ही कामे उरकली. मारींच्या चांगल्या वस्तूंत असे एकच कृत्य सापडते, आणि ते सापडले की वस्तू कशी बनवली हेही लगेच कळते.

नावांचा एक उल्लेख येथे करायला हवा. आरान हे स्कॉटलंडचे बेट, अमेलांद हॉलंडचे. दुसऱ्या एका वस्तूला ग्रीसचे पारोस. कॅलेंडरांना फोर्मोसा आणि तिमोर, पुढच्या प्लास्टिकच्या वस्तूंना जावा, सुमात्रा, तोंगारेवा. दानेसेचे सूचिपत्रक चाळताना नकाशाची वही उघडल्यासारखे वाटते. मिलान हे समुद्रापासून दूरचे, धुक्याचे, कारखान्यांचे शहर. त्यातल्या कचेरीतल्या टेबलावर ही बेटे एकेक करून उगवली.

‘फोर्मोसा’ हे भिंतीवरचे कायमचे कॅलेंडर १९६३ चे. अ‍ॅल्युमिनियमची एक चौकोनी पाटी आणि तिच्यावर टांगलेली प्लास्टिकची छापील पाने. मोठ्या अक्षरांत तारीख, शिवाय वार आणि महिना. ‘तिमोर’ हे टेबलावरचे भावंड १९६६-६७ चे. त्याला प्लास्टिकचा एक जाडसर पाय आहे आणि त्यावर खुंटीभोवती फिरणाऱ्या पट्ट्या. हव्या त्या पट्ट्या बोटाने फिरवून समोर आणायच्या, बाकीच्या मागे गोळा होऊन राहतात. रुळाकाठच्या जुन्या सिग्नलचा हात जसा वर-खाली होत असे, त्याची आठवण ह्या पट्ट्या बघून येते.

सात वार, एकतीस तारखा, बारा महिने : सगळे मिळून पन्नास शब्द-आकडे. एवढ्यांत कोणत्याही वर्षाचा कोणताही दिवस लिहिता येतो. वर्ष कुठेच छापलेले नाही, म्हणून वस्तू जुनी होत नाही. कायमच्या कॅलेंडराची घड्याळासारखी यंत्रे शेकडो वर्षांपासून बनत आली आहेत आणि त्यांत लीप वर्षासाठी वेगळे दातेरी चाक लागते, कारण यंत्राला फेब्रुवारी कधी संपतो हे सांगावे लागते. तिमोरमध्ये चाक नाही, स्प्रिंग नाही, किल्ली नाही. फेब्रुवारीनंतर मार्च लावायचा हे वापरणाऱ्याला ठाऊक असतेच; त्याचे बोट हाच यंत्राचा चालक भाग. विसरले तर कॅलेंडर कालच्याच दिवसावर थांबते, आणि कचेरीत कोण रजेवर आहे हे त्याच्या टेबलावरच्या तारखेवरून कळते. महिन्याचे पान भिंतीवर असले की पुढची सुट्टी, हप्त्याची तारीख, लग्नकार्य हे सगळे एका नजरेत दिसते. तिमोर त्यातले काही दाखवत नाही. ते आज कोणता दिवस एवढेच सांगते. सोयीच्या दृष्टीने हा दोष म्हणता येईल. पण सकाळी खुर्चीवर बसल्यावर दोन-तीन पट्ट्या फिरवायच्या, ही कामाला लागण्यापूर्वीची एक छोटी कृती त्यामुळे टेबलाला मिळाली. दोन्ही कॅलेंडरांच्या अक्षरांची निवड तितकीच काटेकोर आहे. ठसठशीत, बिनटोकांची, नक्षी नसलेली अक्षरे, दुरूनही वाचता येतील अशी.

मारी ह्याच काळात प्रायोगिक कलावंत म्हणूनही वावरत होते. १९६२ मध्ये मुनारी यांच्या पुढाकाराने मिलानमधल्या ओलिवेत्तीच्या शोरूममध्ये ‘आर्ते प्रोग्रामाता’ हे प्रदर्शन भरले. टाइपरायटर आणि हिशेबाची यंत्रे विकणाऱ्या दुकानात हलणाऱ्या, नियमाने बदलणाऱ्या कलाकृती मांडल्या गेल्या, आणि प्रदर्शनाच्या पत्रकात लेखक-विचारवंत उम्बेर्तो एको यांनी लिहिले. मारी त्यातल्या कलावंतांपैकी एक. पुढे ‘नवी प्रवृत्ती’ ह्या युरोपीय चळवळीच्या इटालियन शाखेचे संयोजनही त्यांनी केले. ठरावीक घटक आणि ठरावीक नियम घेतले की त्यांच्या जुळणीतून असंख्य आकार निघतात, हा त्या कलेचा गाभा होता. तिमोरच्या पट्ट्या आणि सोळा प्राण्यांची फळी ह्याच विचाराची भावंडे आहेत. मारींच्या पहिल्या पत्नी येला मारी ह्या चित्रकार. दोघांनी मिळून केलेली ‘सफरचंद आणि फुलपाखरू’ आणि ‘अंडे आणि कोंबडी’ ही बिनशब्दांची पुस्तके आजही अनेक देशांत छापली जातात. फळातून अळी, अळीतून कोश, कोशातून फुलपाखरू, फुलावरून पुन्हा फळ. पान उलटणारे मूल गोष्ट स्वतःच सांगते.

साठच्या दशकाच्या अखेरीस प्लास्टिक आले आणि टेबलावरच्या वस्तूंचा पोतच बदलला. प्लास्टिकच्या ओतकामाचे एक गणित असते. पोलादी साचा अतिशय महाग. पण तो एकदा झाला की वितळलेले दाणे दाबून भरायचे, थंड करायचे, वस्तू बाहेर. हजारो नग काढले तर साच्याचा खर्च नगामागे नगण्य होतो. म्हणजे सगळी अक्कल साचा कापण्यापूर्वी वापरायची, नंतर दुरुस्ती नाही. वस्तूच्या भिंतींना किंचित उतार हवा, नाहीतर ती साच्यातून सुटत नाही. आत वळलेला भाग नको, नाहीतर साच्याचे तुकडे वाढतात. मारी यांना ही बंधने आवडत, कारण त्यांत लहर चालत नाही. १९६९ ची ‘पागो पागो’ फुलदाणी ह्या शिस्तीतून निघाली : सुलटी ठेवली तर मोठ्या गुच्छासाठी, उलटी केली तर दोन-चार दांड्यांसाठी. एका साच्यातून दोन फुलदाण्या.

१९७०-७१ ची ‘इन आत्तेसा’ ही केराची टोपली मारींच्या टेबलाशेजारच्या वस्तूंत सर्वांत प्रसिद्ध. नावाचा अर्थ ‘वाट पाहत’. एक साधे गोल भांडे, पण सरळ उभे राहण्याऐवजी एका बाजूला कललेले. तळ सपाट, तोंड बसलेल्या माणसाकडे झुकलेले. सरळ टोपलीचे तोंड वर आकाशाकडे असते, त्यामुळे लांबून फेकलेला बोळा काठाला आपटून बाहेर पडतो. कललेल्या टोपलीचे तोंड खुर्चीवरून जास्त दिसते आणि नेमही सोपा जातो. तेवढ्यासाठी काही जोडावे लागले नाही, फक्त आकार कलता केला. आपल्याकडे अर्ज केराच्या टोपलीत गेला की माणूस हिरमुसतो. ही टोपली पाहून वाटते, तिला निदान अर्जाची उत्सुकता तरी आहे. तिच्या नंतरची महत्त्वाची वस्तू म्हणजे १९७६ चा ‘सुमात्रा’ ट्रे, एकावर एक रचता येणारा. आलेले कागद एका मजल्यावर, निकालात निघालेले दुसऱ्यावर. ह्या दोन वस्तूंच्या नकला जगभर इतक्या झाल्या की मूळ कोणाचे हे विचारण्याची गरज कुणाला वाटत नाही.

प्लास्टिकच्या यशाबरोबर मारींची अस्वस्थताही वाढत गेली. ते साम्यवादी विचारांचे होते आणि कारखान्यात दिवसभर साच्यातून सारखाच नग काढणाऱ्या कामगाराचा प्रश्न त्यांना सुटत नव्हता. वस्तू स्वस्त व्हावी म्हणून यंत्र लागते आणि यंत्राने कामाचा आनंद जातो. हाताने करावी तर ती महाग होते आणि थोड्यांपुरती उरते. १९७३ च्या ‘सामोस’ ह्या चिनी मातीच्या भांड्यांच्या मालिकेत त्यांनी एक मधला मार्ग शोधला. पक्का आकार आखून देण्याऐवजी त्यांनी मातीच्या वळ्या, पट्ट्या, पाकळ्या जोडण्याच्या पद्धती आखल्या आणि प्रत्येक भांडे कारागिराच्या हाताच्या निर्णयावर सोडले. दोन भांडी एकसारखी निघत नाहीत आणि बनवणाऱ्याला विचार करावा लागतो. त्याच वर्षी मिलानच्या गालेरिया मिलानो ह्या कलादालनात त्यांनी विळा-हातोड्याच्या चिन्हावर एक प्रदर्शन केले. त्यात त्यांनी चिन्हाचे राजकारण बाजूला ठेवून त्याच्या आकाराची चिकित्सा केली, आणि त्याने डावे-उजवे दोघेही कोड्यात पडले.

१९७४ चा ‘स्वतः आखण्याचा प्रस्ताव’, म्हणजे ‘आउतोप्रोजेत्तात्सिओने’, हे त्यांचे सर्वांत गाजलेले काम. त्याची सुरुवात एका अपयशातून झाली. ड्रियादे ह्या फर्निचर कंपनीसाठी त्यांनी रात्री पलंग होणारा एक स्वस्त, टिकाऊ सोफा केला होता. ज्यांच्यासाठी तो होता त्यांनी तो घेतला नाही. त्यांना श्रीमंताच्या दिवाणखान्यासारखा दिसणारा हवा होता. लोकांना वस्तूची पारख नसेल तर चांगली वस्तू देऊन उपयोग काय, असे मारींना वाटले. पारख यायची तर एकदा स्वतः बनवून बघावे, हा त्यांचा उपाय. टेबले, खुर्च्या, बाक, पलंग, कपाट, शेल्फ अशा एकोणीस वस्तूंचे आराखडे त्यांनी तयार केले. साहित्य बाजारात मिळणाऱ्या ओबडधोबड फळ्या आणि खिळे; हत्यारे करवत आणि हातोडा. रंधा नाही, खाचा-सांधे नाहीत. टपालखर्च पाठवणाऱ्या कुणालाही आराखडे फुकट. बनवा, बदला, फोटो पाठवा आणि मत कळवा, एवढेच मागणे. कारखानदार आणि व्यापारी यांना मात्र वापरायची बंदी.

ह्या आराखड्यांत टेबल सर्वांत शिकवणारे. चार फळ्यांचा चौकोन करून कोपऱ्यात एकेक खिळा ठोकला तर चौकोन हाताच्या जोराने एका बाजूला कलतो, कारण खिळा बिजागरीसारखा वागतो. त्यावर एक तिरपी फळी ठोकली की चौकोनाचे त्रिकोण होतात आणि कलणे थांबते. पुस्तकात हे वाक्य वाचून विसरले जाते. डुगडुगणाऱ्या टेबलाखाली घुसून तिरपी फळी स्वतः ठोकली आणि टेबल एकाएकी निश्चल झाले की मग कुठल्याही दुकानातल्या टेबलाचे पाय आपोआप तपासले जातात. मारींना हवे होते ते एवढेच.

पत्रे हजारोंनी आली. त्यांपैकी बहुतेकांनी मर्म सोडून दिसणे पकडले : रानातल्या बंगलीला शोभेल असे गावठी फर्निचर, म्हणून कौतुक. मारी त्याने खट्टू झाले आणि त्यांनी ते वारंवार बोलूनही दाखवले. नंतरच्या दोन गोष्टी मात्र नोंदवण्यासारख्या आहेत. २०१० मध्ये फिनलंडच्या आर्तेक कंपनीने त्यांतली पहिली खुर्ची कापलेल्या पाइनच्या फळ्या आणि खिळे अशा संचाच्या रूपात बाजारात आणली; ज्या व्यापाऱ्यांना बंदी होती त्यांच्यापैकी एकाला अखेर परवानगी मिळाली. दुसरी गोष्ट बर्लिनची. आफ्रिकेतून निर्वासित म्हणून आलेल्या तरुणांनी तिथे ‘कुकुला’ नावाची कार्यशाळा चालवली आणि मारींनी त्यांना आपले आराखडे विक्रीसाठी वापरू दिले. भूमध्य समुद्र ओलांडून ते लाम्पेदुसा ह्या इटालियन बेटावर उतरले होते. काही खुर्च्यांत त्यांनी त्या बेटावर फुटलेल्या होड्यांच्या फळ्या बसवल्या. मारींच्या कामात बेटांची नावे अनेक. लाकडासकट आलेले बेट हे एकच.

खुर्च्यांच्या बाजूने त्यांची कारकीर्द थोडक्यात सांगता येते. इटलीचा ‘कोम्पासो द’ओरो’ म्हणजे सुवर्ण कर्काटक हा डिझाइनचा मोठा पुरस्कार त्यांना पाच वेळा मिळाला : १९६७ मध्ये व्यक्तिगत संशोधनासाठी, १९७९ मध्ये ‘देल्फिना’ खुर्चीसाठी, १९८७ मध्ये झानोत्ताच्या ‘तोनिएत्ता’ खुर्चीसाठी, २००१ मध्ये ‘लेगातो’ टेबलासाठी आणि २०११ मध्ये एकूण कार्यासाठी. १९७६ ते १९७९ ते इटलीच्या औद्योगिक डिझाइन संघटनेचे अध्यक्ष होते. सभांत आरडाओरडा करणारे अध्यक्ष म्हणून त्यांची ख्याती झाली. ‘डिझाइन’ हा शब्द फॅशनच्या अर्थाने वापरला जाऊ लागला ह्याचा त्यांना संताप होता. ते ‘आकार’ हा शब्द पसंत करीत, आणि योग्य आकार एकच असतो असे ठामपणे म्हणत. १९९९ मध्ये त्यांनी बार्सिलोनात एक जाहीरनामा मांडला. डॉक्टर शपथ घेतात तशी डिझायनरनेही नीतीची शपथ घ्यावी, अशी त्यात मागणी होती. डिझायनर अलेस्सांद्रो मेंदिनी यांनी त्यांना सगळ्या डिझायनरांची सदसद्विवेकबुद्धी म्हटले. अशी पदवी मिळालेल्या माणसाला जेवायला बोलावण्याचा उत्साह किती जणांना असेल, ह्याचा अंदाज करता येतो.

वयाच्या साठीनंतरही काम थांबले नाही. १९९५ मध्ये आलेस्सी कंपनीसाठी त्यांनी ‘इकोलो’ केले : रिकाम्या डिटर्जंटच्या बाटल्या कशा कापल्या की फुलदाण्या होतात, ह्याची एक पुस्तिका. भर होता तो वस्तूवर नव्हे, कृतीवर. बर्लिनच्या राजेशाही पोर्सिलेन कारखान्यासाठी ताटे-वाट्या, जपानच्या मुजीसाठी फर्निचर, हिदा भागात देवदाराच्या मऊ लाकडाच्या खुर्च्या अशी कामे झाली. दानेसे मात्र हातातून गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुनो आणि जॅकलीन यांनी ती विकली, आणि १९९९ मध्ये ती कार्लोता दे बेविलाक्वा यांच्याकडे आली. जुन्या वस्तूंचे उत्पादन नव्या मालकीतही चालू राहिले. तिमोर आणि फोर्मोसा हे त्यांतले ठळक.

२०१० मध्ये मिलानमध्ये मारींचे एक लहानसे प्रदर्शन झाले. त्याचा विषय साठ पेपरवेट. त्यांतले एकही दुकानातले नव्हते. दगड, धातूचे जड तुकडे, कारखान्यातून उचललेले उरलेसुरले भाग. त्यांच्या पियात्साले बाराक्का येथील स्टुडिओत वर्षानुवर्षे कागदांच्या ढिगांवर बसलेल्या ह्या वस्तू. पेपरवेटला फक्त वजन लागते. म्हणून कोणतीही जड गोष्ट पेपरवेट होऊ शकते आणि खास बनवलेल्या पेपरवेटची खरे तर जगाला गरज नाही. दुसऱ्यांच्या टेबलांसाठी साठ वर्षे वस्तू आखणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या टेबलावर वापरात होते ते बव्हंशी भंगार. पुढच्याच वर्षी आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘खिळा ठोकण्याच्या पंचवीस पद्धती’.

शेवटच्या काही वर्षांत मारी आजारी होते. १७ ऑक्टोबर २०२० रोजी मिलानच्या त्रिएन्नाले ह्या संस्थेत हान्स उलरिख ओब्रिस्ट आणि फ्रान्चेस्का जाकोमेल्ली यांनी मांडलेले त्यांचे मोठे पूर्वलक्षी प्रदर्शन उघडले. दोन दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, कोविडने मारींचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, २० तारखेला, त्यांच्या दुसऱ्या पत्नी, कलासमीक्षक लेआ वेर्जिने, ह्याही त्याच आजाराने गेल्या. तेच प्रदर्शन पुढे २०२४ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियममध्ये नेण्यात आले.

मारींनी आपला संग्रह, म्हणजे आराखडे, नमुने, कागदपत्रे आणि वस्तू, मिलान महानगरपालिकेला दान केला. त्यासोबत एक अट घातली : त्रिएन्नालेच्या प्रदर्शनानंतर चाळीस वर्षे तो कुणालाही दाखवायचा नाही. आजच्या पिढीइतकी बिघडलेली नसलेली एखादी पिढी तोवर येईल आणि तिला तो समजून वापरता येईल, असे कारण त्यांनी दिले होते. पालिकेने ही अट मान्य केली.